छातीची उंची

दोरी ताणली की पन्नास मीटर.
डावीकडे पाच, उजवीकडे पाच, एवढंच आपलं रान.
दोरीबाहेरचं बूड पाहायचं नाही,
पाहिलं तरी लिहायचं नाही.

शेकालाघे पुढे, कोयता कमरेला.
मी मागे, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत,
कारण उसांबारात धुकं खालून येतं,
चहाच्या मळ्यांतून, बकऱ्यांसारखं, वाट माहीत असल्यासारखं.
तो सालीला नख लावतो, हुंगतो,
म्हणतो, म्तांबारा.
मी लिहिते: जिवंत, एकोणचाळीस.
पुढे म्साम्बू, खाली उंदरांनी पोखरलेली फळं.
जिवंत.
पुढे झाड नाही, त्याचं बूड.

बूड पांढरं, चीक ओला, तर ताजी तोड.
काळं पडलं, बुरशीचे कान फुटले, तर जुनी.
तक्त्यात दोनच रकाने.
टांगाच्या ऑफिसात दोन्ही शिकायला अर्धा तास लागला.

घेर मोजायचा छातीच्या उंचीवर: एक मीटर तीस.
ते माझ्या खांद्याशी येतं,
शेकालाघेच्या बरोबर काळजाशी.
म्हणून तो काठी आणत नाही.
झाडासमोर उभा राहतो, पाहुण्यासमोर राहावं तसा,
हात ठेवतो. इथे, म्हणतो.
पहिल्या दिवशी मी टेप लावून पडताळलं होतं.
दुसऱ्या दिवशी नाही.

वेलदोड्यांपाशी वर छत शाबूत,
खाली झाडून घेतल्यासारखं.
विमानातून हे रान दिसत असेल, हिरवंगार.
आत एकही पोर-झाड नाही.
शेकालाघे दोन हिरवे दाणे चावतो, मला एक देतो.
याला रकाना आहे. मी भरते.

मग तो थांबला.
बूड मनगटाएवढं, कडेला बोटभर फुटवा, दोन पानं.
ताजी की जुनी? मी विचारलं.
रमजानच्या आधीची, म्हणाला. माझी.
म्वानाइदीवर माती पडू नये म्हणून
आडवे वासे लागतात ना कबरीत.
सात लागले. ती उंच होती.

आणि मग दाखवतच गेला.
हे दुसरं. हे तिसरं, इथे कोयता घसरला होता.
चौथं, पाचवं वेलीखाली,
स्वतःच वेल बाजूला केली.
मी लिहीत होते: तोड, तोड.
हेक्टरी आकडा वाढत होता माझ्या हाताखाली,
आणि तो सहावं शोधत होता, सापडेना,
सापडल्यावर हसला.

सातवं दोरीच्या बाहेर. दीड हात.
तेही लिही, म्हणाला.
नियम नाही, म्हटलं.
बरं, म्हणाला. उभा राहिला तिथेच.
मी खाली बसले, टेप गुंडाळला बुडाभोवती.
घेर पस्तीस.
मोठ्याने वाचलं, त्याला ऐकू जाईल इतकं.
लिहिलं नाही.

दोरी गुंडाळताना जळवा काढल्या, मीठ लावून.
शेकालाघेने विचारलं,
उद्या कुठून धरायची?