खोबणीत राहतो तो रंग

दुबईहून यायची ती बाटली आलीच नाही.
जुनाट रंगाची, अमेरिकेची, मुठीएवढी,
आणि किंमत माझ्या चार दिवसांच्या जेवणाची.
अरबाब खल्फान म्हणाला, भानुदास, सोमवारी पट्टा हवाय.
आणि तो काल केल्यासारखा दिसता कामा नये.

गावाचं नाव सूर. शेवंताक्काला वाटलं होतं
इथे गाणारे राहतात.
इथे गलबतं बांधतात. बांधायचे, जास्त करून.
खाडीच्या चिखलात एक कलंडून पडलंय,
त्याच्या फळ्यांतून मी ओंजळभर खिळे उपसले,
गंजून भिजल्या वाटाण्यांसारखे फुगलेले,
खजुराच्या शिरक्यात बुडवले,
बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं.
घट्ट नाही. वाफ धरते, बरणी फुटते.

दुसऱ्या बरणीत चहा. नाक्यावरचा मलबारी
दिवसभर करक उकळतो, त्याचा चोथा.
तिसरीत बुटाचं तपकिरी पॉलिश,
काजळीत मळलेलं, वर थेंबभर रॉकेल.
चौथी फसली. तिचं नाव काढत नाही.

आधी उंचवट्यांवर मेण फिरवायचं,
वेलीवर, पानांवर, डाळिंबाच्या फुगीर पोटावर.
मग लेप चोळायचा आणि लगेच, म्हणजे लगेच,
ठोकळ्याला फडकं गुंडाळून वरचं वर पुसायचं.
बोटानं पुसलंस तर बोट खोबणीत जाईल
आणि सगळं म्हातारपण घेऊन वर येईल.
हे अब्दुर्रबला तीनदा सांगितलं.

रात्री खिळ्यांची बरणी उघडली.
पाणी राखाडी, गढूळ. कातरणीवर एक थेंब सोडला.
काहीच नाही.
मग कडेकडेनं काळं,
वरून लावल्यासारखं नाही, आतून आल्यासारखं.
आणि तो वास.

दादांचे हात हिरड्याच्या हौदातून निघायचे,
लोखंडी बादलीला लागायचे,
आणि असेच व्हायचे, कोपरापर्यंत.
लिंबू चोळायचे, राख चोळायचे,
नखांच्या कडेला राहायचंच.
माझ्या शाळेत फी भरायला आले की
मास्तरांसमोर हात पाठीमागे धरून उभे,
पैसे मला द्यायला लावायचे.

काळं धरलं की खायच्या सोड्याचं पाणी फिरवायचं,
नाहीतर चामडं वर्षात तडकतं.
हे दादांना माहीत नव्हतं. किंवा असेल.

सोमवारी नासिर आला. लग्न तोंडावर, दाढी कोरलेली.
खंजिराचा पट्टा कमरेला लावून पाहिला,
वेलीवरून अंगठा फिरवला, डोळे मिटले.
म्हणाला, आजोबांचा अगदी असाच होता.
(आजोबा विजेचे मीटर वाचायचे, अरबाब नंतर म्हणाला,
पट्टा कसला, सायकल होती.)

रंग कुठला, नासिरनं विचारलं.
अमेरिकेचा, अरबाब म्हणाला,
आणि चाळीस रियाल मोजून घेतले.

मी काउंटरमागे उभा होतो.
हात पाठीमागे.
कधी गेले, कळलं नाही.
मग पुढे घेतले,
काचेवर ठेवले, दहाही बोटं,
नासिरला दिसतील असे.
त्यानं पाहिलं की नाही, माहीत नाही.
तो आरशाकडे वळला होता.