पाटी

थर्सोच्या बेकरीतून पहाटे पाचला सुटायचे तेव्हा
अंगाला यीस्टचा वास,
भुवयांत पीठ,
आणि खाली एकशेपंचवीस सीसी,
शिलाई मशीनच ती,
अख्ख्या किनाऱ्याला एकच धावदोरा घालत जाणारी.
मागे पांढरी पाटी, पाटीवर लाल एल.
सत्तेचाळिसाव्या वर्षी
एकाच अक्षरापाशी अडलेली मी.

आमच्याकडे झाडं नाहीत.
वारा ऑर्कनीहून निघतो तो थेट
माझ्या डाव्या खांद्याशी येऊन थांबतो.
दुधाचा टँकर शेजारून गेला
की आम्ही दोघी फूटभर सरकायचो,
आधी मशीन, मग मी.

शिकवायला एफी गन.
वय सदुसष्ट. चाळीस वर्षं मासळीची व्हॅन हाकलेली.
हेल्मेटमधल्या रेडिओत तिचा आवाज
धुरावलेल्या हॅडॉकसारखा:
"आरसा खोटं बोलत नाही, कॅट्रिओना.
अर्धं बोलतो.
वळायच्या आधी मान वळव. खांद्यावरून बघ. मग जा."

मला तर उलटंच शिकवलेलं सगळ्यांनी.
घर सोडताना आई म्हणाली, मागे वळून बघू नकोस.
घटस्फोटाच्या कागदांवरून मान वर न करता
वकीलही तेच म्हणाला.
एफीकडे मागे न बघणारा नापास.

परीक्षेला शाळेची साडेसहाशे.
दोन पांढऱ्या रेषा, मधे साडेसात मीटर,
तेवढ्यात अख्खी गाडी उलटी फिरवायची
पाय न टेकता.
माणसाचे पाय जमिनीवर असावेत म्हणतात.
माझा डावा बूट टेकला,
मांजर पाण्याला पंजा लावतं तेवढाच.
परीक्षकानं पेन्सिल टेकवली, तीही तेवढीच.

बसनं परतले. कोणाला सांगितलं नाही.
बेकरीत त्या रात्री
सगळे पाव एका बाजूला कलले.

दुसऱ्यांदा मी जमिनीकडे बघितलंच नाही.
कुंपणावर एक सीगल होता, त्याच्याकडे बघितलं.
नजर जाईल तिथे गाडी जाते.
अर्ध्या वळणात तो उडाला हरामखोर,
पण तोवर वळण
गाडीच्या ध्यानात आलं होतं.

रस्त्यावरची परीक्षाही सुटली, तेव्हा एफीनं
मासे सोलायच्या सुरीनं प्लास्टिकचे बंद कापले.
पाटी कोरी झाली नाही.
पाटीच गेली.

मग नऊशेची घेतली, विकच्या एका पशुवैद्याकडून,
दोनशे बारा किलो.
पहिल्याच संध्याकाळी को-ऑपच्या पार्किंगमध्ये पाडली.
वेगात नाही. वळणावर नाही.
उभी असताना. ट्रॉलीवाल्या तीन बायकांसमोर.
अशी गाडी उचलायची तर तिच्याकडे पाठ करायची,
सीटला टेकायचं, हँडल धरायचं
आणि पावलं मोजत मागे चालायचं.
उचलली.
पिशवीतल्या सहा अंड्यांतली दोन वाचली.
त्यांचं आमलेट नेहमीपेक्षा बरं झालं.

शिलाई मशीन रूरी मकायला विकली,
चिप्सच्या दुकानात बटाटे सोलतो, सतरा वर्षांचा.
त्याला क्लच दाखवला, चोक दाखवला,
तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना ती खोकते तेही सांगितलं.
खांद्याचंही सांगितलं. तो हो हो म्हणाला,
मी एफीला म्हणायचे तसंच.
नवी कोरी पाटी लावून निघाला.
कोपऱ्यावर त्यानं मान वळवली नाही.
मी फाटकाशी उभी राहून
तो आवाज गोठ्यांमागे जाईपर्यंत ऐकला,
मग पुलावर, मग पुन्हा एकदा,
वारा फिरला तेव्हा.

आता पहाटे नऊशेवर बसते.
ती घोरल्यासारखी चालू होते, शेजारच्यांचा दिवा लागतो.
निघायच्या आधी उजव्या खांद्यावरून बघते.
ओला रस्ता असतो. बंद पोस्ट ऑफिस.
बहुतेक वेळा कोणीच नसतं.
आज एक मेंढी होती.
तिला आधी जाऊ दिलं.