साठाच्या आसपास

पुलापाशी मुर्झाकानचं गॅरेज. गॅरेज म्हणजे
तीन भिंती, आणि चौथीच्या जागी डोंगर.
माझी निवा आत शिरली तेव्हा तो उठला नाही,
डोळे मिटून नुसता ऐकत राहिला.
"बंद कर," म्हणाला. मग, "सांग."

चाळिसाला काही नाही, मी म्हटलं.
पन्नास ओलांडले की गिअरच्या दांडीला कापरं भरतं,
मग तिच्या मागच्या दोघींना.
साठाच्या आसपास आरशातला रस्ता विरघळतो,
मेंढरांचा कळप एक पांढरा डाग होतो,
आणि सत्तरला सगळं चिडीचूप.
शिवाय डाव्या वळणावर हूंऽऽ.
स्टिअरिंग पुरतं फिरवलं की टक, टक, टक.
गिअर पडताना पोटात कुठेतरी ठण्ण.

त्यानं डॅशबोर्डात डोकावून पाहिलं.
"काटा तर शून्यावर मेलाय. साठ कशावरून?"
"थरथरते त्यावरून."

मी गुरांची डॉक्टर.
मला ठाऊक आहे, घोडा मान टाकतो पुढच्या पायावर
आणि खिळा निघतो मागच्या खुरात.
तरी माझ्या गाडीच्या बाबतीत मीही
पखालीलाच इंजेक्शनं देत बसले होते:
झुगदिदीला दोनदा चाकांचं बॅलन्सिंग,
उधारीवर चार टायर, इंजिनाखालची रबरं.
म्हशीचं दुखणं म्हशीपाशीच.

तो शेजारी बसला. उतारावर म्हणाला, "न्यूट्रल."
इंजिनाचा सूर खाली आला, थरथर होती तिथेच.
"इंजिन नाही." त्यानं एक बोट मिटलं.
पुढचा शाफ्ट उतरवून मागच्या सीटवर ठेवला,
मधला दांडा लॉकमध्ये टाकून पुन्हा तोच उतार.
"हाही नाही." दुसरं बोट.

डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर,
म्हणून हूं उजव्या बेअरिंगचं.
खात्री करायला त्यानं माझा स्टेथोस्कोप मागितला,
जॅकवरचं चाक हातानं फिरवलं,
आणि मी तेव्हा पाहिला तसा चेहरा
मी गाभण गाईपाशी करत असेन, मला कधी दिसला नाही.
ठण्ण मागच्या शाफ्टच्या सांध्याचा,
उघडला तर आत ग्रीसऐवजी तांबडी भुकटी.
टक टक ऐकून म्हणाला, "हे हिवाळ्यापर्यंत बोलू दे.
म्हाताऱ्यांना अगदीच गप्प करू नये."

उरला तो थर.
चारही चाकं अधांतरी, अक्रोडाच्या ओंडक्यांवर गाडी.
ट्रान्सफर केसचे नट सैल केलेले, तिसरा गिअर,
मी आत, समोर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला,
तो खाली उताणा, त्या जड लोखंडाला
केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवत.
"पाणी काय म्हणतं?"
"वर्तुळं."
"आता?"
"बारीक वर्तुळं."
"आता?"
पेल्यात छताची शिवण दिसली, अख्खी.
"थांब!" मी ओरडले, प्रसूतीत ओरडतात तशी.
त्यानं नट आवळले, समोरासमोरचे, हळूहळू.

परतताना कसलाच आवाज नाही.
नदी ऐकू आली, खिडकी बंद असूनही.
मागे पेटीतल्या लसींच्या बाटल्या झोपलेल्या.
लातालीचं वळण मात्र माझ्याआधी आलं.
ब्रेक. बाटल्या पुढे. अर्धं चाक दरीवर,
आणि काटा शून्यावर, निर्विकार.

दुसऱ्या दिवशी मला बघून मुर्झाकाननं डोळे मिटले.
"कुठला आवाज?"
"कुठलाच नाही," मी म्हटलं. "एक नट
पाव आटा सैल करशील?"
त्यानं पाना उचलला. खरंच उचलला.
मग ठेवला, आणि फळीवरच्या डब्यातून
काळी, वेटोळं घातलेली केबल काढली.
"आठ लारी. शहाणी असशील तर सहा."

सहा दिले.
आता साठाच्या आसपास
काटा तेवढा थरथरतो.