मार्कीझचे ब्रेक

बापानं तिला गाईचं नाव दिलं होतं : मार्कीझ.
सहा चाकांची. लढाई संपल्यावर अमेरिकनांनी
लिलावात सोडून दिलेली,
आणि मग तीस वर्षं ज्युराच्या उतारांवरून
स्प्रूसचे ओंडके खाली आणणारी.

मृत्युपत्रात ती अर्धी-अर्धी आहे.
कुठून कापायची, ते नोटरीनं विचारलं नाही.
मी मनात केव्हाच कापली :
गिस्लाँला पेडल, मला चाकं.
मधली नळी कुणाची, कागदात नाही.

सोमवारी तपासनीस येणार.
बिनब्रेकची गाडी भंगारवाल्याशिवाय कोण घेतो?
आणि ब्रेकमधली हवा एकट्यानं निघत नाही,
एक माणूस वर लागतो, एक खाली.
म्हणून अकरा वर्षांनी माझा भाऊ
माझ्या डोक्यावर बसला आहे,
आणि मी पाठीवर, गोठ्याच्या गार फरशीवर,
अडुसष्ट वर्षांची, तीन सुताचा पाना घेऊन.

गेला आठवडा मास्टर सिलिंडर उघडून बसले होते.
आत चहाच्या चोथ्यासारखा गाळ,
रबरी कप फुगलेले, भिजत घातलेल्या मनुकांसारखे.
ब्रेक ऑइल हवेतलं पाणी पितं,
गुपचूप, झाकण लावलेलं असलं तरी.
बाहेरून नळी ठणठणीत,
टिचकी मारली तर वाजतेसुद्धा.
मी ती कापली तेव्हा आतून गंजाचा भुगा पडला, मूठभर.

छप्पन्न साली ऑइल मिळेना,
तेव्हा बापानं एरंडेल आणि आलुबुखारची दारू
निम्मं-निम्मं घालून भागवलं.
गाडी थांबायची बरं का.
उरलेली दारू त्याला,
उरलेलं एरंडेल आम्हाला.
गिस्लाँचं तोंड तेव्हापासून तसंच आहे.

आधी उजवं, शेवटचं. सगळ्यात लांबचं चाक.
दाब, मी ओरडते.
धर.
निपल पाव फेरा सैल. बरणीत फसफस,
काळं, मग तपकिरी, मग पुन्हा काळं.
आवळते. सोड.
दाब.
बरणी आईची. कागदावर तिच्या अक्षरात :
गूजबेरी, १९७१.
धर.
सोड.

ह्या तीन शब्दांवर चार चाकं झाली.

मंगळवारी भरताना दारावर थोडं सांडलं होतं.
फडकं शोधेपर्यंत बापाचा निळा रंग सुटून आला,
खाली हिरवा, आणि हिरव्यात
पांढऱ्या चांदणीचं एकच टोक.
आज चढताना गिस्लाँ तिथं थांबला.
अंगठा फिरवला त्यावर.
मला वाटलं, बोलेल.

भांडण वरच्या रानातल्या चाळीस झाडांचं.
परवाच्या उन्हाळ्यात त्यांना सालीतली कीड लागली,
सगळी उभ्याउभ्या वाळली.
त्याचीही, माझीही; किडीला वाटणी ठाऊक नव्हती.

पाचवं. नळीत नवं ऑइल यायला लागलं.
माझ्या मनगटावरून ओघळतं, चुरचुरतं.
वरून तो टाकी भरतो, न सांगता,
अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही.
हे बापानं आम्हाला एकाच दिवशी शिकवलं होतं,
मला पाना दिला, त्याला पेडल,
कारण त्याचे पाय लांब होते.

सहावं चाक, पुढचं, डावं.
इथून तळपट्टी काढलेल्या भोकातून
त्याचा बूट दिसतो,
नाडीला दोन गाठी, आईनं घालून दिलेल्या तशा.
दाब.
धर.
बरणीत मधासारखं येतं, स्वच्छ, सलग,
एकही बुडबुडा नाही.
पेडल त्याच्या पायाला दगडासारखं लागलं असणार,
त्याला कळलं असणार.

‘पाय दुखतोय,’ तो म्हणतो.
अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य,
तेही माझ्याशी की गुडघ्याशी, सांगता येत नाही.

‘दुसरा लाव,’ मी म्हणते. ‘हवा आहे अजून.’

नव्हती.