मासेरूला जाणाऱ्या भाच्यासाठी

अंबादास, माग बंद कर दोन मिनिटं,
अशोक चौकाच्या ह्या खडखडाटात
माझंच मला ऐकू येत नाही. लिहून घे.

तिकडं जूनमध्ये थंडी,
जुलैत डोंगरावर बर्फ.
घड्याळ साडेतीन तास मागं घे,
आईला फोन करताना मात्र पुढं मोज.
गीझरची जाड पिन असते ना, तीच
तिथल्या भिंतीत बसते.

रँड चालतो, लोटी चालते, भाव एकच.
पण सीमा ओलांडली की लोटी म्हणजे कागद.
माझे दोनशे अजून कपाटात आहेत,
रद्दीवालासुद्धा घेईना.

शेंगाचटणी दाबून भर.

चादर?
मामी म्हणते, वजन होतं, नेऊ नको.
तिथं माणसं ब्लँकेट पांघरूनच हिंडतात,
घोड्यावर, बाजारात, बँकेच्या रांगेतसुद्धा.
मी माझी मोराची नेली होती.
बसमध्ये एका म्हातारीनं किनार चिमटीत धरली,
उलटी करून पाठचे धागे बघितले,
तुझा आजा बघायचा तसे.
मला भाषा येईना.
'दुमेला' म्हणालो, नमस्कार, एवढंच.
उतरताना तिनं ती चादर
माझ्या उजव्या खांद्यावर टाचून दिली.

हां, सेफ्टी पिना.
ते लिही आधी.