दिवेलागणीनंतर

रेडिओवर सांगितलं, आज रात्री उणे दोन.
स्किप्टनच्या वरच्या अंगाला, डोंगराकडे, उणे तीनही.
आणि मी औषधांच्या दुकानातून घरी पोचते
तर पाचलाच अंधार.
घड्याळं कालच तासभर मागे केलीत इथे.
तो तास कुणाला मिळाला ठाऊक नाही,
डेलियांच्या खात्यातून वजा झाला एवढं खरं.

मागच्या दारी सगळं उभं आहे अजून.
दगडी गडग्याला टेकून तपकिरी पडलेलं सीडम,
मधमाश्या बसून बसून विस्कटलेले जांभळे अ‍ॅस्टर,
भिंतभर लाल वेल,
पानं टाकते आणि देठ तेवढे वर ठेवते,
जसे काही खुंट्याच, उद्या परत अडकवायला.
आणि सात डेलिया, ताटलीएवढे.
एक जांभूळ खाल्लेल्या जिभेच्या रंगाचा.
एक असा, की केशरी म्हणावं तर
शेंदरी होऊन दाखवतो.

दिवेलागणीनंतर फूल तोडू नये,
झाड निजलेलं असतं.
वडील कराडला पोस्टात होते.
पेटी उघडून झाल्यावर आलेलं पत्र उद्याच जायचं,
आणि फुलांनाही तोच नियम.
मी विचारलं होतं, मग गुलबक्षी?
ती तर आत्ता कुठे उठतेय.
ते चष्मा पुसत म्हणाले,
तिची रात्रपाळी.

मोबाइलचा उजेड कुंडीला टेकवून ठेवला,
तो घसरून मातीत पडला.
तेवढ्यात गडग्यापलीकडून क्लिफर्ड आला,
ब्याऐंशी वर्षांचा, पायात घरातल्या सपाता,
न विचारताच आपली बॅटरी माझ्या हातांवर धरली.
काप सगळं, म्हणाला. सकाळी काळं पडणार.
मग कंद काढ, उलटे ठेव, पाणी गळू दे.
पहिल्या देठाशी मी काहीतरी पुटपुटले.
त्याला वाटलं, त्यालाच. पार्डन?
काही नाही म्हटलं.
यॉर्कशरच्या झाडाची मराठीत माफी मागत होते,
हे कसं सांगणार,
आणि पोचली की नाही ते मलाही कळलं नव्हतं.

सहा कापले.
सातव्याशी हात थांबला.
का, ते नेमकं सांगता येत नाही.
अर्धवट उमललेलं होतं. बोटं गारठली होती.
क्लिफर्डने बॅटरी जराशी खाली घेतली.

स्वयंपाकघरात फुलदाणी नव्हती,
म्हणून कुकरच्या भांड्यात सहाही.
तर त्या शेंदऱ्यातून एक चिमटेवाला किडा बाहेर आला,
दिव्याखाली भांबावला,
पोळपाटाला वळसा घालून कुठेतरी निघाला.
झाडाचं माहीत नाही.
हा मात्र नक्की निजलेला होता.

सकाळी गल्लीभर काचा खरवडल्याचा आवाज.
गवत पांढरं. सातवं फूल
उकडलेल्या अळूसारखं, मान टाकून.
आणि पेट्रोलपंपावरून दोन पौंडांना आणलेली शेवंती,
जिच्याकडे महिनाभर ढुंकून पाहिलं नव्हतं,
कोपऱ्यात, अंगभर दहिवर,
पिवळीधमक.

बस सव्वाआठची.
तो किडा रात्री कुठे गेला कळलं नाही.
डबा भरताना
भांडी मी जरा जपून उचलली.