दहा आणि वीस

नंदुरबारच्या बाहेर, दोंडाईचा रस्त्याला,
डाव्या हाताला वजनकाटा, उजव्या हाताला शीतगृह,
मधे मिरचीची पथारी,
एवढी लाल, की डोळे मिटले तरी लालच दिसतं.
काट्यावरचं वजन ऑफिसच्या पडद्यावर येत नाही
म्हणून मला धुळ्याहून बोलावलं.
बसमधून उतरले, पहिली शिंक तिथेच.

काट्याच्या केबिनमध्ये एक स्विच,
त्याच्या जाळीत मिरचीची पूड.
शीतगृहात दुसरा,
डोक्यावर गणपती आणि विजेची जुनी बिलं.
हा दहाच्या वस्तीतला, तो वीसच्या.
एका वस्तीतून दुसरीत जायचं
तर राउटरच्या दारातूनच जावं लागतं.

झिपरूदादा म्हणाले,
"दिवा ते पेटी राहिनात, ताई. समदं हिरवंच शे."
हिरवंच होतं.
हिरव्या दिव्याला इतकंच कळतं
की तार धड आहे आणि पलीकडे कोणी जागं आहे.
बोलणं झालं का, हे त्याला विचारू नये.

तार बदलून पाहिली.
पोर्ट बदलून पाहिला.
मास्क वाचला, बोट ठेवून, शाळेतल्यासारखा:
दोनशे पंचावन्न, दोनशे पंचावन्न, दोनशे पंचावन्न, शून्य.
कुंपणं जागच्या जागी.
ऑफिसातून पिंग केलं. चार हाका.
चारही वेळा तेच उत्तर, की वेळ संपली.

मग पथारी ओलांडून काट्यावर आले,
लॅपटॉप लावला आणि नुसती ऐकत बसले.
माझ्या चारही हाका तिथे पोचलेल्या.
काटेकोर, एकामागे एक.
आणि प्रत्येकीनंतर हा स्विच
सगळ्या वस्तीला विचारत होता,
दोनशे चोपन्न कोणाकडे आहे?
दहा-दोनला सांगा.
दोनशे चोपन्न कोणाकडे आहे?
दहा-दोनला सांगा.
उत्तर हातात घेऊन उभा,
आणि नेऊन देणाऱ्याचं घर सापडत नाही.

"इथं अजून एक डबा होता का, दादा?"
"व्हता ना. वैशाखमा ईज पडनी, जळी गया.
भंगारमा इकाई टाका."
नवा डबा सुरतच्या पोराने बसवला,
वस्तीच्या पहिल्या घरात, एक नंबरला.
इकडे कोणी कळवलंच नाही.

पूड पुसली तेव्हा स्विचवर स्टिकर दिसलं:
गेटवे, दोनशे चोपन्न.
अक्षर माझं.
चारचा तो उघडा डोळा, मीच काढते तसा.
त्या दिवशी कुठली बस पकडायची होती कोण जाणे,
आठवत नाही.

आठ महिने झिपरूदादा
वजनाच्या पावत्या खिशात घालून सायकलवर
इकडून तिकडे.
हंगामात दिवसाला साठ-सत्तर फेऱ्या.
मी त्यांना अक्षराचं सांगितलं नाही.
दोनशे चोपन्न खोडलं, एक लिहिलं,
स्विचमध्ये, आणि काट्याच्या डब्यातही.
एवढंच काम. बिल बाराशे.

पुन्हा हाक मारली.
पहिली हरवली.
पहिली बहुतेक हरवतेच, घर विचारण्यात जाते.
दुसरी: एक मिलिसेकंद.
तिसरी: एकाहून कमी.
तेवढ्यात काट्यावर शहाद्याचा टेम्पो चढला
आणि फोनवर हेमलता गावित ओरडली,
"उनं! बारा क्विंटल चाळीस!"

झिपरूदादा तर केव्हाच निघाले होते,
बारा क्विंटल चाळीस खिशात घालून.
पथारीच्या मधोमध सायकलवरून उतरले,
मिरची उलटवणाऱ्या बायांपैकी कोणाशी तरी बोलले,
हसले, पुन्हा टांग टाकली.

मी केबिनच्या दारात उभी राहून बघत होते.
नाकात शिंक भरून आली,
तशीच थांबली.
आली नाही.